फवारणीच्या दिवसांतला आवाज

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले, की आमच्या जिंतूरच्या हवेत एक वास उतरतो. परभणीहून येणाऱ्या एसटीच्या खिडकीतून तो आधी येतो, मग गाव येतं. गोडसर, उग्र, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा. बसमधल्या बायका पदर नाकाला लावतात आणि बोलणं चालूच ठेवतात. दोन्ही बाजूंना कपाशी कमरेला लागलेली असते, सोयाबीनच्या शेंगा भरत आलेल्या असतात, आणि पाठीवर पंप घेतलेली माणसं ओळीनं पिकात चालताना दिसतात. लांबून त्यांचे पाय दिसत नाहीत. माणूस हिरव्या पाण्यात कमरेपर्यंत उतरलाय आणि हळूहळू पुढे सरकतोय, असं वाटतं.

एकेकाळी हा वास आला की मी खूश व्हायचे. हे सांगायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. फवारणीचे दिवस म्हणजे माझ्या कामाचे दिवस, सणांच्या आणि औषधांच्या जाहिराती तेव्हाच निघतात. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं छोटं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, काचेचं टेबल आणि गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या. मराठीत एम.ए. करून मी सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. ते तास बंद झाले तेव्हा हे दुकान टाकलं. गावातल्या लग्नपत्रिका, साड्यांच्या सेलचे फलक, क्लासच्या जाहिराती, कुणी गेलं की लावायचा श्रद्धांजलीचा बॅनर, सगळा मजकूर माझ्या हातून जायचा. बाकीच्या दुकानांत 'हार्दिक'ची वेलांटी चुकायची. माझ्याकडे चुकायची नाही. लोक म्हणायचे, मॅडमकडून लिहून घ्या, मॅडमचं मराठी लय भारी आहे. त्या बोलण्यावर मी जगत होते, असं म्हटलं तरी चालेल.

यंत्राकडून मजकूर लिहून घ्यायला मी सुरुवात केली ती काही फार विचार करून नाही. श्रावणातल्या एका सकाळी साड्यांच्या दुकानदाराला घाई होती आणि मला काही सुचत नव्हतं. मोबाईलवर ते एआयचं ॲप होतं. त्याला म्हटलं, गौरीगणपतीच्या सेलसाठी चार ओळी दे. त्यानं पापणी लवायच्या आत दहा दिल्या. भाषा पुस्तकी होती, कुणी परगावचा पाहुणा घासूनपुसून बोलतोय तशी. मी दोन शब्द बदलले, एक ओळ खाली घेतली. दुकानदार वाचून हसला. म्हणाला, "व्वा मॅडम, आज तर तुमी कमालच केली." मी काही बोलले नाही. त्या न बोलण्यात मला थोडी चोरी वाटली आणि थोडी मजाही.

महिनाभरात सवय झाली. दिवसाला दोन कामं व्हायची तिथं आठ व्हायला लागली. पेढ्याच्या दुकानाचं बोधवाक्य, डाळ मिलचं माहितीपत्रक, नव्या दवाखान्याचं उद्घाटन. दुपारी मी चहा प्यायला लागले, आधी तेवढीही फुरसत नसायची. आणि असं वाटायचं, की एवढी वर्षं एकटीनं ओढलेलं ओझं उचलायला कुणीतरी दुसऱ्या बाजूनं हात लावलाय.

गंगाधरराव आले ते याच दिवसांत. त्यांचं खता-औषधांचं दुकान धान्याच्या मोंढ्याजवळ आहे. माणूस सरळ. शेतकरी उधारीवर माल न्यायला आला तर त्याला आधी पाणी विचारणारा. त्या साली कपाशीवर मावा-तुडतुडे फार पडले होते आणि त्यांच्याकडे एक नवं औषध आलं होतं. त्यांनी बाटलीचा फोटो मोबाईलवर पाठवला आणि समोर बसून म्हणाले, "मॅडम, पत्रक आता कुणी वाचत न्हाई. व्हॉट्सॲपवर फिरंल असं कायतरी करा. बोलणारं. आपला माणूस बोलायलाय असं वाटलं पायजे."

त्यांच्यासमोरच मी यंत्राला लिहिलं, शेतकऱ्यांना विश्वास वाटेल अशी औषधाची जाहिरात लिही. सात ओळी आल्या. पाचवी ओळ अशी होती: 'किडीला काळ, पिकाला बळ, आणि तुमच्या जनावरांसाठी पूर्णपणे सुरक्षित.'

ही ओळ मी मागितली नव्हती. गंगाधररावांनीही सांगितली नव्हती. पण ती वाचताना कानाला बरी लागली. काळ, बळ, आणि शेवटी लांब जाणारं वाक्य. ती काढली असती तर मजकूर लंगडा झाला असता. एका क्षणासाठी मनात आलं, हे खरं आहे का? आणि पुढच्याच क्षणी आलं, असेलच, त्याशिवाय लिहील कशाला? बाटली मी हातातही घेतली नव्हती. माझ्याकडे फक्त तिचा फोटो होता, आणि फोटोत मी फक्त रंग बघत होते.

मग मी माझं काम सुरू केलं. आज मागे वळून बघते तेव्हा त्या सकाळचं हेच काम मला सगळ्यात जास्त टोचतं. यंत्रानं 'आहे' लिहिलं होतं, मी 'हाय' केलं. 'खूप'चं 'लय' केलं. 'शेतकरी बांधवांनो' काढलं आणि 'राम राम मंडळी' घातलं. 'काळजी करू नका'च्या जागी 'जिवाला घोर लावून घिऊ नका' लिहिलं. हे माझ्या वडिलांचं बोलणं, ते असंच म्हणायचे. ॲपमध्ये आवाज निवडायची सोय होती. मी सहा आवाज ऐकले आणि साठीच्या माणसाचा एक निवडला. जरा घोगरा, सावकाश बोलणारा. त्याच्या तोंडी ते शब्द बसले तेव्हा गंगाधरराव खुर्चीतून पुढे झाले. "अरे, हे तर आपल्याकडचंच कुणीतरी हाय!" ते म्हणाले. मला इतका आनंद झाला.

तो आवाज दोन दिवसांत सगळीकडे पोचला. चहाच्या टपरीवर तो मी स्वतः ऐकला. एकजण दुसऱ्याला म्हणत होता, "ऐक, म्हातारं बराबर सांगायलंय." माझ्या दुकानात दोन नवे दुकानदार आले. तसाच आवाज आम्हालाही पाहिजे, म्हणाले.

गयाबाई आणि सखाराम ही माणसं मला तेव्हा माहीत नव्हती. चारठाण्याच्या पलीकडे एका लहान गावात ती राहतात. नवरा-बायको दोघंही मेंढरं राखायची. स्वतःची जमीन नाही. पावसाळ्यात गावाच्या शिवारात आणि पावसाळा सरला की गोदावरीच्या काठाकाठानं, असं त्यांचं वर्ष जायचं. त्यांचं सगळं मी नंतर ऐकलं. थोडं गयाबाईकडून, थोडं माणिकराव नावाच्या शेतकऱ्याकडून. त्यांच्याच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ते घडलं.

माणिकरावांनी कपाशीवर ते औषध मारून दोन दिवस झाले होते. वारं असल्यामुळे धुऱ्यावरचं गवतही औषधानं भिजलं होतं. सखाराम मेंढरं घेऊन आला आणि नेहमीसारखा लांबच थांबला. राखणाऱ्या माणसाला हे कळतं, वास आला की तो कळप आत घालत नाही. त्यानं ओरडून विचारलं, "मालक, फवारलंय का?" माणिकरावांनी मोबाईल काढला आणि त्याला तो आवाज ऐकवला. म्हणाले, "हे नवं औषध हाय. जनावराला कायबी होत न्हाई. चारून घे खुशाल, माझंबी गवत निघंल." माणिकराव काही वाईट माणूस नाहीत. त्यांची स्वतःची गाय त्याच धुऱ्यावर बांधायची होती.

सखाराम तरीही थांबला होता, असं गयाबाई सांगते. मग तिनंच त्याला म्हटलं, "एवढं मोठं माणूस सांगायलंय तर खोटं कामून सांगंल?"

दुपार कलायच्या आत पहिली मेंढी बसली. तोंडाला फेस, मागचे पाय लटलट. सखारामला वाटलं, फुगली असेल. तोवर दुसरी, मग एकदम चार. कोकरं आयांना ढुशा देत होती आणि आया उठत नव्हत्या. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर मोटारसायकलवर आले, त्यांच्या पेटीत होती तेवढी इंजेक्शनं त्यांनी दिली. बारा मेंढरं वाचली, कोकरांसकट एकोणीस गेली.

गंगाधररावांचा फोन मला दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आला. आवाज बसलेला होता. "मॅडम, ते जनावराचं वाक्य तुमी कुठून घेतलं?"

मी कॉम्प्युटरवर तो मजकूर उघडला.

"कंपनीच्या कागदात तर न्हाई. मी सगळा काढून बघितला."

"त्या ॲपनं लिहिलं होतं," मी म्हणाले.

"आन् तुमी?"

फोन ठेवल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे यंत्रालाच विचारलं. हे तू कशावरून लिहिलंस? त्यानं ताबडतोब माफी मागितली. शुद्ध मराठीत, एकही वेलांटी न चुकवता. ते विधान चुकीचं होतं आणि पडताळून घ्यायला हवं होतं, असं त्यानं मान्य केलं आणि हवी असल्यास आणखी सुरक्षित शब्दांत नवी जाहिरात करून देतो, असंही म्हणालं. मी मोबाईल टेबलावर उलटा ठेवला. राग यावा असं समोर कुणी नव्हतंच.

चारठाण्यापर्यंत एसटीनं आणि पुढं काळीपिवळी जीपमधून मी त्या गावाला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. गंगाधररावांनी तर जाऊ नका असं सांगितलं होतं. गावाबाहेर पोचले तेव्हा खड्डा खणून झाला होता आणि माणसं मेंढरांच्या पायांना धरून एकेक खाली देत होती. लोकर पावसानं भिजून जड झालेली. सखाराम खड्ड्याच्या काठावर उभा होता. तो प्रत्येक मेंढीचं नाव घेत होता. मोठ्यानं नाही, ओठातल्या ओठात. मेंढ्यांना नावं असतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

गयाबाई लिंबाखाली बसली होती. पन्नाशीची, हातात चांदीची जुनी कडी, पायाच्या टाचा फुटलेल्या. मी गंगाधररावांच्या दुकानाचं नाव सांगितलं, तशी तिनं सुनेकडून मोबाईल मागून घेतला आणि माझ्यासमोर धरला. तो आवाज सुरू झाला. राम राम मंडळी. जिवाला घोर लावून घिऊ नका.

"हे माणूस कुठलं हाय?" तिनं विचारलं.

"तो माणूस नाही, मावशी."

"माणूस न्हाई मंजी?"

"यंत्र बोलतंय. कॉम्प्युटर. माणसासारखा आवाज काढतंय."

तिनं मोबाईल कानाला लावून पुन्हा ऐकला. मान हलवली. "न्हाई. असं कसं? आमच्याकडचं बोलणं हाय हे. त्याला घिऊन या. मला त्याला काय बोलायचं न्हाई, शिव्या द्यायच्या न्हाईत. फकस्त इचारायचंय, की बाप्पा, तू पाहिलं हुतंस का सोता?"

"मावशी, तो कुठंच नाही. ते शब्द मी घातले. ते बोलणं माझ्या वडिलांचं आहे."

तिनं मोबाईल सुनेला परत दिला. मग म्हणाली, "तुमचे वडील हायेत?"

"नाहीत."

"मंग मेल्याल्या माणसाच्या तोंडून खोटं वदवलं तुमी," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात धार नव्हती. एखाद्याला वाट सांगावी तसं तिनं ते सांगितलं. मग ती उठून खड्ड्याकडे गेली, कारण आता कोकरं पुरायची होती.

त्यानंतरच्या दिवसांचं काय सांगू? पंचनामा झाला. तलाठ्यानं विचारलं, जबाबदार कोण? माणिकराव म्हणाले, मी मोबाईलवर ऐकलं. गंगाधरराव म्हणाले, मी मजकूर करून घेतला. मी लिहून दिलं, की मजकूर माझा, तपासला नाही तीही मीच. खाली सही केली. तलाठ्यानं तो कागद वाचून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, असं कुणी लिहून देत नसतं." तो कागद पुढे कुठे गेला ते मला कळलं नाही. त्यातून कुणाला काही झालं नाही आणि कुणाला काही मिळालंही नाही. गंगाधररावांनी आपल्याकडून चार मेंढरं घेऊन द्यायची तयारी दाखवली होती. सखारामनं घेतली नाहीत. का, ते त्यानं सांगितलं नाही.

मी एक केलं. माझ्या स्वतःच्या आवाजात एक निरोप रेकॉर्ड केला. नाव सांगितलं, गाव सांगितलं, आधीच्या आवाजातलं जनावरांचं वाक्य खोटं आहे आणि त्यानं एकोणीस मेंढरं गेली, हेही सांगितलं. बोलताना मी दोनदा अडखळले, तसंच ठेवलं. सगळ्या ग्रुपवर पाठवला. दोघातिघांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली. एकानं लिहिलं, मॅडम, आवाज नीट येत नाही. तो पुढे कुणी पाठवला नाही. पहिला आवाज मात्र फिरत राहिला. पुसून टाका, पुसून टाका म्हणून मी लोकांना फोन केले, पण ज्यांच्यापर्यंत तो गेला होता त्यांतल्या निम्म्यांना मी ओळखतही नव्हते. गेल्या महिन्यात सेलूकडच्या एका नातेवाइकानं तोच आवाज मला पाठवला. औषधाचं नाव दुसरंच होतं. बाकी सगळं तसंच. 'जिवाला घोर लावून घिऊ नका.' वडील जाऊन अकरा वर्षं झाली. माझ्याकडे त्यांच्या आवाजाची एकही खूण नाही, आणि त्यांचं वाक्य कुणा परक्याच्या घोगऱ्या आवाजात तालुके ओलांडत चाललंय.

यंत्र मी अजून वापरते का? वापरते. खोटं कशाला सांगू? लग्नपत्रिका, साड्या, मिठाई यांच्यासाठी वापरते. औषधांचं काम घेत नाही. ते काम आता शेजारच्या गल्लीत जातं, तिथे खरं-खोटं कुणी विचारत नाही. कधी एखादी ओळ कानाला फार गोड लागली की माझा हात थांबतो. मग ती ओळ मी कागदावर उतरवून घेते, फोन लावते, दुकानदाराला विचारते, हे खरं आहे का? तो वैतागतो. म्हणतो, "लिहा ओ मॅडम, जाहिरात तर हाय." पूर्वी दिवसाला आठ कामं व्हायची, आता तीन होतात.

यंदा पुन्हा तो वास आला आणि माझ्यानं दुकानात बसवेना. मी उठले आणि चारठाण्याची बस धरली.

गयाबाईच्या घरासमोर मेंढरांसाठी जाळीचं वाडगं असायचं. ते नव्हतं. सून म्हणाली, वाचलेल्या मेंढ्या पुढे गाभडत राहिल्या, पोटातली कोकरं पडायची, म्हणून मागच्या उन्हाळ्यात बाजाराला नेल्या. सासू-सासरे रोजानं जातात. कुठे, म्हणून विचारलं तर तिनं हातानंच दाखवलं. माणिकरावांच्या शेतात.

मी पोचले तेव्हा जेवायची सुट्टी झाली होती. बाभळीखाली गयाबाई आणि सखाराम भाकरी खात होते. गयाबाई तण निंदायला आली होती, सखाराम फवारायला. त्याचा पंप शेजारी आडवा पडला होता. पाठीवरचा सदरा खांद्यापासून कमरेपर्यंत ओला, डोळे लाल. त्यानं पाण्याच्या ड्रमात हात बुडवून धुतले होते, तरी बोटं पांढुरकी दिसत होती. मला त्यांनी ओळखलं. या म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. गयाबाईनं थोडी जागा करून दिली.

ड्रमाजवळ औषधाची बाटली उभी होती. तीच. मी ती उचलली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्या हातात आली होती. तिच्यावर एका कोपऱ्यात तिळाएवढ्या अक्षरांत मराठी होतं. मी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागले. का, ते मला सांगता येणार नाही. हातमोजे आणि मुखपट्टी वापरावी. सखारामनं आपल्या हातांकडे पाहिलं आणि भाकरीचा पुढचा घास घेतला. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं फवारू नये. रिकामी बाटली पुन्हा वापरू नये. मग पुढची ओळ आली. फवारलेल्या क्षेत्रात जनावरांना चरू देऊ नये.

मी थांबले. गयाबाईचा हात भाकरीवरच थांबला.

"फिरून वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं.

"हे औंदा छापलंय?"

"नाही, मावशी. पहिल्यापासून आहे."

"त्या सालीबी हुतं?"

"होतं."

तिनं बाटली माझ्या हातातून घेतली. उलटी केली, सुलटी केली. "कुठंशी हाय?" तिनं विचारलं. मी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. तिचं बोट त्या ओळीपेक्षा रुंद होतं, सगळी अक्षरं त्याखाली झाकून गेली. सखारामनं एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि उठला. त्यानं पंप पाठीवर घेतला, तशी तिनं बाटली खाली ठेवली आणि त्याचा मागचा पट्टा नीट ओढून दिला. तो कपाशीत शिरला. पंपाचा दांडा वर-खाली व्हायला लागला आणि पानांवर पांढरं धुकं पसरलं.

मी अजून तिथेच उभी होते. गयाबाईनं भाकरीचं फडकं बांधलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, इकडं उभ्या ऱ्हाऊ नका. वारं तुमच्याकडंच हाय. अंगावर येतंय."